आतलं बटण

“आतलं बटण चालू ठेवायचं का बंद, ताई?” सलीमभाईनं विचारलं, आणि शीतलनं चटकन वडिलांकडे, अण्णांकडे पाहिलं. ते शेजारच्या स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोर टांगलेल्या पंख्यांवर. त्यांनी ऐकलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. अलीकडे त्यांच्या कानाजवळ सांगितलेलं विरून जाई, आणि स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटलेलं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत येई. “बंद म्हणजे?” तिनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं. “बंद म्हणजे आतून खटका फिरवला तरी दार उघडणार न्हाई. फोनवरून उघडंल, न्हाईतर बाहेरून चावीनं. घरात पेशंट असला की लोक बंदच ठेवतात. बिलकुल सेफ.” पेशंट हा शब्द त्यानं सहज, हलक्या आवाजात उच्चारला होता. पण तो शब्द काउंटरवर त्या दोन डब्यांच्या मधोमध येऊन बसला आणि तिला डब्यांकडे नीट बघता येईना. जुना जालन्यातल्या या दुकानात ती लहानपणापासून बल्ब आणि होल्डर न्यायला येत होती. तेव्हा गल्ल्यावर सलीमभाईचे वडील असत. आता तिथंच एक गुळगुळीत पांढरा डबा होता आणि एक काळा, चौकोनी, जरा ओबडधोबड. सलीमभाई समजावत होता की कुलूप, गॅसचा सेन्सर, कॅमेरा, बल्ब हे सगळे एका हबशी बोलतात. हब म्हणजे घराचं डोकं समजा. आधी डोकं कोणतं घ्यायचं ते ठरवा, बाकी सामान मंग त्याच्या हिशोबानं. पांढरा कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो, पुण्यातून, दुबईतून, कुठूनही चालवा. फक्त नेट पाहिजे. काळ्याचं सगळं काम घरातच होतं, त्यात सिम आणि बॅटरी असते, लाइट गेली तरी तो मेसेज पाठवतो; पण लांबून चालवायचं म्हटलं तर झंझट आहे. “आणि मालक कोणाला करायचं ते सांगा. मालक एकच असतो. बाकीचे सदस्य.”

आत्तापर्यंत तिला वाटत होतं की आपण फक्त एक वस्तू घ्यायला आलो आहोत. दिवाळीनंतर एका सकाळी अण्णा कुठूनसा जुना खाकी शर्ट शोधून, अंगात घालून, ती आंघोळीला गेलेली असताना घराबाहेर पडले होते. “बद्रीनाथ ड्रायव्हर इथं आलेत,” असा स्टँडवरून कंडक्टरचा फोन आला तेव्हा ते जांब समर्थच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले होते. खाकी शर्ट बघून लोक गाडीत चढले होते. “जांबला जाती का?” असं कुणी विचारलं की ते “जाती, बसा” म्हणत होते. सगळी नोकरी त्यांनी याच रस्त्यावर काढली, जालना, अंबड, जांब, आणि परत. खरा ड्रायव्हर, पोरसवदा मुलगा, खाली दाराशी उभा होता. “बसू द्या म्हणलं जरा वेळ, सिनिअर माणूस हाय,” तो म्हणाला होता. शीतलनं त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं, तेव्हा ते मुकाट्यानं उतरले, पण मागच्या सीटवरची एक बाई मोठ्यानं म्हणाली, “असं माणूस घरात ठिवता येत न्हाई का?” ते वाक्य तेव्हापासून शीतलच्या मानेवर बसलं होतं. अंबडच्या कोर्टात ती स्टेनो होती. दिवसभर लोकांची वाक्यं पकडून टाइप करायची आणि विसरायची, हे तिचं काम. हे मात्र विसरता आलं नाही. त्याच आठवड्यात गॅस चालू राहिला. मग धाकट्या भावानं, राधेश्यामनं, पुण्यातून या कुलपाचा विषय काढला, आणि तिनं होकार दिला, कारण आई गेल्यापासून घरात नाही म्हणायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सलीमभाईनं फोन स्टँडवर लावला आणि राधेश्यामचा चेहरा काउंटरवर आला. मागं ऑफिसची काच. “ताई, पांढरं घे. माझ्या नावावर कर. मी इथून सगळं बघतो, तुला काही टेन्शन न्हाई.” तो तिच्यापेक्षा लहान, पण बोलताना त्याच्या आवाजात नेहमी निकाल असे. आवाजात दुष्टपणा नव्हता. त्याला भीती वाटत होती, हे तिला दिसत होतं. ती भीती त्यानं यंत्रांच्या नावांनी झाकून ठेवली होती. “आणि आतलं बटण?” सलीमभाईनं फोनकडे बघून विचारलं. “बंद,” राधेश्याम म्हणाला. सलीमभाईनं मग तिच्याकडे बघितलं. ती घरात राहणार होती म्हणून असेल. अण्णा स्टुलावरून उठले. “चला, उशीर होऊन राह्यला,” ते म्हणाले. “बंद,” शीतल म्हणाली, आणि आपला आवाज तिला शेजारच्या गिऱ्हाइकाचा वाटला.

दोन दिवसांत सगळं बसलं. दारावर नवं कुलूप, बैठकीत आणि स्वयंपाकघरात कॅमेरा, कपाटावर पांढरा हब. सुरुवातीला खरंच सुटल्यासारखं वाटलं. कोर्टात मधल्या सुट्टीत फोन उघडला की अण्णा दिसत, खाटेवर आडवे, नाहीतर खिडकीशी. तिला जेवण जाई. मग हळूहळू राधेश्यामचे मेसेज येऊ लागले. आज उशीर झाला का. अण्णांनी औषध घेतलेलं दिसलं न्हाई. कोण आलतं दुपारी. प्रत्येक मेसेज काळजीचा होता आणि प्रत्येक मेसेजनंतर तिला पाठीवर काहीतरी टेकल्यासारखं होई. ती केस न्हाणीघरात विंचरू लागली. सकाळचा चहा घेऊन उंबऱ्यात बसायची तिची सवय होती, ती सुटली, कारण उंबरा कॅमेऱ्यात येत होता. फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये एक सांद होती जिथं कॅमेरा पोचत नव्हता, तिथं ती पाट टाकून बसू लागली. एक दिवस अण्णाही कप घेऊन आले आणि तिच्याजवळ भिंतीला टेकून बसले. “इथं गार हाय,” ते म्हणाले. दोघं गुडघे जवळ घेऊन चहा पीत राहिले आणि तिला एकाएकी रडू आलं, पण तेही तिनं आवाज न करता उरकलं, कारण हबला ऐकू येत होतं.

कारण राधेश्याम त्यातून बोलतही असे. अण्णा दाराशी गेले की कपाटावरून त्याचा आवाज येई, “अण्णा, खाली बसा. ताई येतीय संध्याकाळी.” अण्णा बसत. पण नंतर उठून त्याला शोधत. पलंगाखाली, पडद्यामागं, कपाट उघडून साड्यांमध्ये. एकदा ती घरी आली तर कपाटासमोर जमिनीवर ताट वाढून ठेवलेलं, भाकरी, वरण, एका कडेला लोणचं. “राधू आतमधी बसलाय,” ते हळूच म्हणाले, “कव्हाचा बसलाय. भाकर दे त्याला, तो बाहेर येऊन न्हाई राह्यला.” तिनं हे राधेश्यामला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की आवाज कमी करून बघतो. तिनं त्याला सांगितलं की रविवारी मी घरात असते, तेव्हा तरी आतलं बटण चालू कर. “ताई, चालू-बंद करायची सवय लागली की माणूस एक दिवस विसरतं. राहू दे.” मालक तो होता, ती सदस्य. तिला दार उघडायचं असलं तरी फोन लागे. एका सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, फोन आत चार्जिंगला होता, आणि ती सवयीनं दाराशी जाऊन खटका फिरवू लागली. तो फिरला नाही. तिनं पुन्हा जोर लावला. तिच्या मनगटातून एक जुनी कळ खांद्यापर्यंत गेली. मनगटाला हे आधीच ठाऊक होतं. दूधवाला बाहेरून “ताई, ठिवू का इथं?” म्हणत होता आणि ती दाराला कपाळ टेकून उभी होती, मागं कॅमेरा आहे हे विसरून.

मग तो बुधवार आला. दुपारी उलटतपासणी चालू होती. वकील एका म्हाताऱ्या साक्षीदाराला बांधावरून विचारत होते, साहेब सावकाश डिक्टेट करत होते, आणि तिची बोटं आपोआप चालत होती. फोन थरथरला. हब ऑफलाइन, एवढंच. तिनं कॅमेरा उघडून पाहिला, काळा चौकोन. साहेब पाण्यासाठी थांबले तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि शेजारच्या गिरिजाबाईंना फोन लावला. “लाइट गेली ना माय, सगळ्या गल्लीची,” त्या म्हणाल्या. “मी तुलाच लावून राह्यलते. अण्णा दाराला कायतरी करून राह्यलेत. ठोकून राह्यलेत आतून. मी खिडकीतून आवाज दिला, ऐकतच न्हाईत.” “जखम वगैरे?” “दिसत न्हाई मला. तू ये.” तिनं राधेश्यामला फोन लावला, तो वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मीटिंगमध्ये आहे, असा मेसेज आला. आणि त्यानं उचलला असता तरी काय, नेटच नव्हतं, डोकंच बंद होतं. बाहेरून लावायची चावी तिच्या पर्समध्ये होती, अंबडला. ती आत जाऊन साहेबांच्या बाजूला वाकली आणि वडील घरात अडकलेत एवढंच म्हणाली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि जा म्हणाले. अडकलेत, हा शब्द चुकीचा होता. स्टँडकडे जवळजवळ पळत जाताना तिला तो दुरुस्त करावासा वाटत होता. अडकले नाहीत साहेब, मी कोंडलंय.

गाडी लगेच मिळाली पण ती प्रत्येक फाट्यावर थांबत होती. लोक ऊस, पोती, कोंबड्या घेऊन चढत होते. शीतल खिडकीशी बसली आणि तिनं चावी मुठीत धरली. बाहेर मोसंबीच्या बागा, विटांच्या भट्ट्या, पुन्हा बागा. तिला आता ते थोपवता आलं नाही. परतूरकडच्या त्या गावातलं पत्र्याचं घर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सगळे रानात जात आणि जाताना बाहेरून कडी घालत. कुत्रं शिरतं म्हणून, असं सासू सांगे. पहिल्या दिवशी तिला खरंच कुत्र्याचं वाटलं. नंतर तिनं आतून दार ओढून पाहिलं, दोन्ही हातांनी, मनगटं सुजेपर्यंत, रोज, काही उपयोग नाही हे ठाऊक असून. पत्रा तापायचा. पाण्याचा हंडा दुपारपर्यंत कोमट व्हायचा. नवरा वाईट बोलत नसे, तो बोलतच नसे. कुणाला सांगणार, आणि सांगायला तरी काय, मारत तर कुणी नव्हतं. मग उन्हाळ्यात एका दुपारी रस्त्यावर मोठी गाडी थांबल्याचा आवाज आला, इंजिन चालूच, आणि खिडकीच्या गजांत अण्णांचा चेहरा दिसला. त्या दिवशी त्यांना कुणाच्या तरी बदली त्या रस्त्याची ड्यूटी मिळाली होती. मागून घेतली होती, हे आईनं नंतर सांगितलं. कडीचा आवाज झाला, दार उघडलं, ऊन आत आलं आणि उन्हात खाकी कपड्यातला माणूस. “चल,” ते म्हणाले, “गाडी उभी हाय.” तिनं पिशवीही घेतली नाही. गाडीत माणसं भरलेली होती, सगळी तिच्याकडे बघत होती, कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली आणि डबल बेल दिली. अण्णांनी पुढं कधीही तिला विचारलं नाही की तिथं काय झालं होतं. राधेश्याम तेव्हा शाळेत होता. ताई परत आली, एवढंच त्याला कळलं होतं. जालन्याच्या अलीकडे स्टीलच्या कारखान्यांचा धूर दिसू लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की चावीचे दात तळहातात रुतले आहेत.

गल्लीत लाइट अजून नव्हती. गिरिजाबाई ओट्यावर उभ्या होत्या, त्यांनी नुसता हात केला. आतून घासल्यासारखा आवाज येत होता, लाकडावर लोखंड, मग थांबणं, मग पुन्हा. शीतलनं दारावर थाप मारली. “अण्णा.”

आवाज थांबला. “कोण? शीतल?”

“हो, मीच.”

“थांब माय. भिऊ नको. मी उघडून राह्यलो.” त्यांचा श्वास लागला होता. “कडी लई घट्ट बसवलीय ह्या लोकांनी. तुझ्याबरोबर आत कोण कोण हाय?”

ती दाराच्या बाहेर उन्हात उभी होती आणि तिला क्षणभर खरंच कळेना की आत कोण आहे. मग कळलं. गिरिजाबाई काही बोलणार होत्या, तिनं त्यांना हातानं थांबवलं. “कुणी न्हाई,” ती दाराजवळ तोंड नेऊन म्हणाली. “मी एकटीच हाय.”

“मंग बाजूला सरक. गाडी उभी हाय बाहेर.”

तिनं चावी लावली आणि फिरवली. दार उघडलं. अण्णा दाराला लागूनच उभे होते, हातात जुना पाना, दाराची चौकट खरवडून पांढरी झालेली, उजव्या हाताच्या दोन नखांतून रक्त. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मार लागलाय का बघितल्यासारखं. “चल,” ते म्हणाले. ती “चला” म्हणाली. दार तसंच सताड टाकून दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथं ते थांबले, इकडं तिकडं पाहिलं आणि एका पायरीवर बसले. तिनं पदरानं त्यांची बोटं पुसली. ते पुसू देत होते, पण आता ते तिला ओळखत नव्हते. अवघडून, एखाद्या परक्या बाईला त्रास पडतोय अशा चेहऱ्यानं ते दुसरीकडे बघत होते.

संध्याकाळी लाइट आली तेव्हा तिनं हबची वायर काढली. लगेच फोन आला. “ताई, कॅमेरा बंद का हाय?” तिनं सगळं सांगितलं, परतूरकडच्या घरासकट. ते ती त्याला पहिल्यांदाच सांगत होती. शेवटी तो म्हणाला, “मला वाईट वाटतं ताई, बिलकुल वाटतं. पण ते तुझं झालं. अण्णांचं वेगळं हाय. ते रस्त्यावर गेले आणि गाडीखाली आले तर?”

“येऊ शकतात.”

“तरी तू दार उघडं ठेवणार?”

“आतून उघडंल असं ठेवणार.”

“ताई, तू मारशील त्यांना.”

तो कदाचित बरोबर होता. फोन ठेवल्यावरही ती हेच तपासत राहिली, की हे आपण अण्णांसाठी करतोय की पत्र्याच्या घरातल्या त्या पोरीसाठी. दोन्ही एकमेकांत इतकं गुंतलं होतं की वेगळं निघेना. रात्री त्यांची बोटं पट्टीत बांधलेली, ते शांत झोपले होते, आणि ती दोन्ही निकाल मनात टाइप करून बघत होती. कोणताही पूर्ण वाचवेना.

शनिवारी ती अण्णांना घेऊन पुन्हा दुकानात गेली आणि काळा घेतला. सलीमभाईनं मालक म्हणून तिचं नाव टाकलं. कॅमेरे तिनं परत केले. गॅसचा सेन्सर राहिला, दाराचं कुलूप राहिलं, दार उघडलं की तिच्या आणि गिरिजाबाईंच्या फोनवर मेसेज येणार. “आतलं बटण चालू ठेवलं तर पुढची जिम्मेदारी तुमची, ताई,” सलीमभाई म्हणाला. “मी सांगून ठेवलेलं बरं.” “ठेवा सांगून,” ती म्हणाली. गिरिजाबाई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, पण नाक्यापर्यंत जाईन मी त्यांच्या मागं, त्याच्या पुढं गेले तर तुला सांगीन. राधेश्यामनं दोन दिवस फोन केला नाही. मग एक मेसेज आला, त्यात अण्णांच्या डॉक्टरची पुढची तारीख विचारलेली होती, बाकी काही नाही.

सोमवारी कोर्टात साक्ष चालू असताना फोन थरथरला. मुख्य दार उघडले. तिची बोटं चालत राहिली. साक्षीदार म्हणत होता की मी त्या दिवशी शेतात नव्हतो, आणि तिनं ‘नव्हतो’ हा शब्द दोनदा टाइप केला, एकदा खोडला. दार बंद झाल्याचा मेसेज येत नव्हता. नाक्याच्या पुढं मोठा रस्ता होता, तिथून ट्रक वळतात, कारखान्याचे, सळया बाहेर आलेल्या. साहेबांचा आवाज लांबून येत होता. तिला वाटलं की आत्ता उठावं, आणि वाटलं की उठून आपण काय करणार, तिथं पोचायच्या आत जे व्हायचं ते झालेलं असेल. हीच ती गोष्ट होती जी तिनं मागून घेतली होती. सुट्टी झाल्यावर तिनं व्हरांड्यात येऊन फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा गिरिजाबाई धापा टाकत बोलल्या.

“गेल्ते ना नाक्यापर्यंत. तिथं थांबले. लई वेळ बघत राह्यले इकडं-तिकडं. मी मागंच व्हते. मंग माझ्याकडं वळले आणि म्हणले, बाई, बद्रीनाथ ड्रायव्हरचं घर कुठं आलं?”

शीतल भिंतीला टेकली. समोरच्या बाकावर पक्षकार डबे उघडत होते.

“मंग तुम्ही काय म्हणलात?”

“काय म्हणणार? चला म्हणलं, मी तिकडंच चालले. आले मागं मागं. आता ओट्यावर बसलेत. आत चला म्हणलं तर म्हणतात, घरचं कुणी दिसत न्हाई, असं कसं शिरायचं दुसऱ्याच्या घरात. चहा टाकलाय मी.”

पट्टेवाला पुकारा करायला बाहेर आला होता. शीतलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्यांना सांगा मावशी,” ती म्हणाली, “घरचे संध्याकाळच्या गाडीनं येतात. तोवर आत बसलं तर चालतं.”